‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणजे पुरोगामी नव्हे!

मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली आणि दोन तरुणांचा वाद जुंपला. दोघेही इंजिनिअरिंगला शिकणारे, दोघांचीही घरे चळवळीतली. वादाचा विषय मात्र चळवळीचा नव्हता. ‘पिंक फ्लॉइड’ हा विलायती वाद्यवृंद ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणायचा की ‘मेनस्ट्रीम रॉक’, यावर दोघे हमरीतुमरीवर आले होते. एकाचे म्हणणे, ज्याच्या रेकॉर्ड कोट्यवधींनी खपल्या तो प्रोग्रेसिव्ह कसा? दुसऱ्याचे म्हणणे, खप हा निकष नव्हे, संगीत पाहा. शेवटी दोघेही आमच्याकडे वळले. “वकीलसाहेब, तुम्हीच निकाल द्या. रेषा कुठे ओढायची?”

आम्ही हसलो. पण दुसऱ्या तरुणाने पुढे जे वाक्य उच्चारले त्याने आमचे हसू मावळले. तो म्हणाला, “साहेब, हे आपल्या जयंतीच्या गाण्यांसारखे नाही. हे प्रोग्रेसिव्ह आहे. हे समजायला डोके लागते.”

त्या मुलाचे वडील पंचवीस वर्षे भीमगीतांच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवत आले आहेत. मुलाने हे वाक्य म्हटले तेव्हा ते दहा पावलांवर सतरंज्या गोळा करीत होते. त्यांनी ऐकले की नाही, आम्ही विचारले नाही. परंतु त्या दिवशी आम्ही ठरवले, की या ‘रेषे’चा निकाल लेखीच द्यायचा.

आंबेडकरी दैनिकात विलायती गाण्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे, की आपली मुले जे ऐकतात त्याच्याशी आपला संबंध असतोच. शिवाय वाद नुसता गाण्याचा नाही. ‘वरचे’ कोणते आणि ‘खालचे’ कोणते, हे कोणी ठरवायचे असा तो वाद आहे. आणि या प्रश्नाशी आपला संबंध काही हजार वर्षांचा आहे!

प्रथम प्रकरणाची हकीकत. १९६७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये रॉक संगीताला नवे वळण लागले. त्या वर्षी बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आला, मूडी ब्लूजने वाद्यवृंदासह ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ काढला आणि प्रोकोल हॅरम या मंडळींचे ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गाणे गाजले, ज्यातील ऑर्गनवर जर्मन संगीतकार बाख याच्या वळणाची छाया होती. १९६९ मध्ये किंग क्रिम्सनचा पहिला अल्बम आला. पुढे येस, जेनेसिस, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर, पिंक फ्लॉइड ही नावे मोठी झाली. तीन मिनिटांच्या प्रेमगीताऐवजी वीस वीस मिनिटांच्या रचना, विषम मात्रांचे ताल, युरोपीय शास्त्रीय संगीताची उसनवारी, सिंथेसायझर, आणि संपूर्ण अल्बमभर एकच कथासूत्र. या सगळ्याला मिळून ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव पडले. बाकीचे सारे ‘मेनस्ट्रीम’, म्हणजे बाजाराच्या मुख्य प्रवाहातले.

आता या दोहोंत रेषा ओढण्यासाठी जे निकष सांगितले जातात ते एकेक करून तपासू. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी करतात, तशीच.

पहिला निकष लांबीचा. लांब रचना ती प्रोग्रेसिव्ह. ठीक. मग बीटल्सचे १९६८ चे ‘हे ज्यूड’ सात मिनिटांहून लांब आहे, ते कोणत्या बाजूला? लेड झेपलिनचे १९७१ चे ‘स्टेअरवे टू हेवन’ आठ मिनिटांचे आहे, पण लेड झेपलिनला कोणी प्रोग्रेसिव्ह म्हणत नाही. क्वीनचे १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सहा मिनिटांचे, त्यात ऑपेराही आहे, आणि ते इंग्लंडच्या यादीत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. साक्षीदार क्रमांक एक फुटला.

दुसरा निकष तालाचा. चार मात्रांचा सरळ ठेका तो बाजारू, सात आणि पाच मात्रांचा तो प्रोग्रेसिव्ह. मग पिंक फ्लॉइडचे ‘मनी’ घ्या. बहुतांश गाणे सात मात्रांत आहे, तरी १९७३ मध्ये ते अमेरिकेच्या पहिल्या वीस गाण्यांत जाऊन बसले. आणि सात मात्रांचेच कौतुक असेल तर आपल्याकडे भजनी मंडळातला तबलजीसुद्धा रूपक वाजवतो. त्याला कोणी प्रोग्रेसिव्ह म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही!

तिसरा निकष खपाचा, जो आमच्या पहिल्या तरुणाचा होता. जास्त खपते ते मेनस्ट्रीम. परंतु जेथ्रो टलचा ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ हा अल्बम म्हणजे रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंवर पसरलेली एकच रचना. याहून ‘अवघड’ ते काय असणार? तो १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ते १९८८ या काळात अमेरिकेच्या यादीत सातशेहून अधिक आठवडे होता. खप हीच रेषा मानली तर प्रोग्रेसिव्हचे निम्मे पुढारी रेषेपलीकडे जातील.

चौथा निकष माणसांचा. अमुक वाद्यवृंद प्रोग्रेसिव्ह, अमुक नाही. पण माणसे बदलतात. जेनेसिसमधून १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल बाहेर पडला. १९८६ मध्ये त्याच जेनेसिसचे ‘इन्व्हिजिबल टच’ हे साधे, गुणगुणण्याजोगे गाणे अमेरिकेत पहिले आले. येसचे ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ १९८३ मध्ये निघाले आणि १९८४ च्या जानेवारीत पहिल्या क्रमांकावर गेले. येस, किंग क्रिम्सन आणि इमर्सन लेक अँड पामर यांतील मंडळींनी ‘एशिया’ हा संघ काढला, त्याचा १९८२ चा अल्बम अमेरिकेत सर्वांत वर होता. ज्यांना देव्हाऱ्यात बसवले तेच बाजारात भेटले. आमचा त्याला आक्षेप नाही. कलावंताने पोट भरू नये, असे आम्ही कधी म्हटले नाही.

चारही साक्षीदार फुटले, मग उरले काय? उरली फक्त पाटी. वकिलीच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात, की दस्ताच्या मथळ्यावर जाऊ नका, आतला मजकूर वाचा. मथळ्यावर ‘भाडेपट्टा’ लिहिले म्हणून दस्त भाडेपट्टा होत नाही. तद्वत ‘प्रोग्रेसिव्ह’ ही एका विशिष्ट काळातील, विशिष्ट शैलीच्या संगीताला लावलेली पाटी आहे. ती पाटी म्हणून खुशाल वापरा. पण प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामी, पुरोगामी म्हणजे श्रेष्ठ, आणि बाकीचे म्हणून हलके, हा जो पुढचा जिना आहे तो आम्हाला मान्य नाही. कारण हा जिना आमच्या ओळखीचा आहे.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. वर जावे तसा आदर वाढतो, खाली यावे तसा तिरस्कार वाढतो. संगीतात ही श्रेणी कशी उभी राहिली ते पाहा.

रॉक आले कुठून? अमेरिकेतील काळ्या लोकांच्या ब्लूजमधून, चर्चमधल्या त्यांच्या गॉस्पेल गायनातून, ऱ्हिदम अँड ब्लूजमधून. गुलामीतून सुटलेल्यांच्या नातवंडांनी कापसाच्या शेतांतून आणि शहरांच्या वस्त्यांतून हे संगीत आणले. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी स्त्री हातात इलेक्ट्रिक गिटार घेऊन गात होती, तेव्हा पुढे रॉकचे राजे झालेले अनेकजण शाळेत होते. या संगीताला रेकॉर्ड कंपन्या आणि बाजाराच्या याद्या काय म्हणत? ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे ‘वंशाच्या रेकॉर्ड’! बिलबोर्ड या नियतकालिकाने १९४९ मध्ये ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. नाव बदलले, कप्पा तोच राहिला. बिग मामा थॉर्नटनने ‘हाउंड डॉग’ आधी गायले, १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लेने तेच गायले, आणि जगाला नाव माहीत आहे ते एल्विसचे.

अशा संगीताला पुढे ‘उन्नत’ करायचे ठरले, तेव्हा ते कोणाच्या जवळ नेण्यात आले? बाखच्या, सिबेलियसच्या, युरोपच्या सभागृहांच्या. म्हणजे मूळ मातीपासून जितके दूर तितके प्रगत! समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी खालच्या जातींनी वरच्यांचे आचार उचलण्याला ‘संस्कृतीकरण’ म्हटले. रॉकचे संस्कृतीकरण झाले, असे आम्ही म्हटले तर फार चुकणार नाही.

इथे अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही मांडतो. ही सारी मंडळी श्रीमंतांची मुले नव्हती. जेनेसिस हे चार्टरहाउस या उच्चभ्रू निवासी शाळेत जन्मले हे खरे, पण येसचा गायक जॉन अँडरसन हा अ‍ॅक्रिंग्टन या गिरणगावचा, शेतावर राबलेला आणि ट्रक चालवलेला. किंग क्रिम्सनचा ड्रमर बिल ब्रुफर्ड हा मॅक्स रोच या काळ्या जाझ वादकाला मानणारा. वैयक्तिक हेतूंवर आमचा आरोप नाही. आरोप आहे तो रेषेवर.

कारण रेषा संगीतावर ओढली असती, तर १९६८ चा जिमी हेंड्रिक्सचा ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ पहिल्या पंगतीत बसायला हवा होता. त्यात तेरा मिनिटांहून लांब अशी रचना आहे, स्टुडिओतले नवनवे प्रयोग आहेत. १९७१ मध्ये फंकाडेलिकने ‘मॅगट ब्रेन’ काढला, त्याच नावाची रचना दहा मिनिटांचे गिटारवादन आहे. त्याच वर्षी मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ आला. गाणी एकमेकांत मिसळलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक सूत्र, आणि विषय कोणते? व्हिएतनामचे युद्ध, वस्तीतले दारिद्र्य, निसर्गाची नासाडी. कथासूत्र असलेला अल्बम म्हणजे प्रोग्रेसिव्ह, हा निकष असेल तर याहून प्रोग्रेसिव्ह काय? पण दुकानात त्याची जागा ‘सोल’च्या कप्प्यात! आपल्या वाचकांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. बाबुराव बागूलांची कथा ‘दलित साहित्या’च्या कप्प्यात आणि इतरांची नुसतीच ‘साहित्या’च्या कप्प्यात, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत.

आता आमच्या युक्तिवादातील मुख्य पुरावा. १९७३ च्या डिसेंबरात येसने ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ हा दुहेरी अल्बम काढला. चार बाजू, चार रचना, प्रत्येक वीस मिनिटांच्या आसपास. प्रोग्रेसिव्ह रॉकचे हे शिखर, असे काही भक्त मानतात, तर काही टीकाकार त्याला अतिरेक म्हणतात. या चार रचनांचा आधार कोणता? परमहंस योगानंद यांच्या ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ या पुस्तकातील एक तळटीप. त्या तळटिपेत हिंदू शास्त्रांचे चार वर्ग सांगितले आहेत: श्रुती, स्मृती, पुराणे आणि तंत्रे. अँडरसनने ती वाचली आणि चार बाजू चार शास्त्रांना वाहिल्या.

वाचकहो, जरा थांबा. डिसेंबर १९७३ मध्ये इंग्लंडचे सर्वांत ‘प्रोग्रेसिव्ह’ रॉक श्रुती-स्मृतींच्या दारात जाऊन पोहोचले. त्याआधी ४६ वर्षे, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले होते! श्रुती म्हणजे जे ऐकले जाते ते. पण ऐकायचे कोणी? शूद्राने वेद मुद्दाम ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ज्या ग्रंथांनी एका समाजाचे कान बंद केले, त्यांच्या नावाने ऐंशी मिनिटांचे संगीत रचायचे आणि त्याला प्रगतीचे शिखर म्हणायचे, हा विनोद आम्हाला परवडणारा नाही.

अँडरसनला हा इतिहास ठाऊक असेल असे आम्हाला वाटत नाही. त्याने एक तळटीप वाचली, तीही परदेशी वाचकांसाठी सोज्वळ करून लिहिलेल्या पुस्तकातली. हे पुस्तक त्याला ज्याने सुचवले तो जेमी म्यूर, किंग क्रिम्सनचा वादक, त्याच सुमारास वाद्यवृंद सोडून स्कॉटलंडमधील साम्ये लिंग या बौद्ध मठात निघून गेला, हाही योगायोगच. पण एवढे सिद्ध होते, की संगीताचा ताल कितीही विषम असला तरी त्यातून समतेचा विचार आपोआप निघत नाही. सात मात्रांत स्मृतीही गाता येते!

असाच दुसरा पुरावा कॅनडाच्या रशचा. त्यांचा १९७६ चा ‘२११२’ हा अल्बम घ्या. मंदिरांतले पुजारी सगळ्या समाजावर राज्य करतात, एका तरुणाला जुनी गिटार सापडते, तो ती पुजाऱ्यांपुढे घेऊन जातो आणि पुजारी ती नष्ट करतात. कथा वाचून आम्हाला आनंद झाला. पुरोहितशाहीविरुद्ध गाणे! पण पुढे काय? तो तरुण एकटा पडतो, निराश होतो आणि जीव देतो. रशने या रचनेचे श्रेय आयन रँड या लेखिकेला दिले होते, जिच्या विचारात एकटी व्यक्ती हीच सर्वस्व आणि परोपकार हा दुर्गुण. आमच्या परंपरेत बंडखोर एकटा राहत नाही. बुद्धाने धम्म दिला तसा संघही दिला. त्या गिटारवाल्या पोराला संघ असता तर तो मेला नसता, असे आम्हाला वाटते.

मग त्या काळात खऱ्या अर्थाने पुरोगामी गाणे कुठे होते? १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या कार्यक्रमात एरिक क्लॅप्टनने नशेत, भर मंचावरून परदेशी लोकांविरुद्ध गरळ ओकली आणि वंशद्वेषी राजकारणी एनॉक पॉवेल याची बाजू घेतली. काळ्यांच्या ब्लूजवर ज्याचे आयुष्य उभे राहिले, त्याने! (त्याबद्दल त्याने २०१८ मध्ये जाहीरपणे लाज व्यक्त केली, तेही नोंदवतो.) त्या प्रकारावर संतापून काहींनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिले आणि त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातून पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा गेला. ऐंशी हजार ते एक लाख माणसे असल्याचे अंदाज आहेत. मंचावर कोण होते? द क्लॅश, टॉम रॉबिन्सन बँड, बर्मिंगहॅमच्या काळ्या तरुणांचे स्टील पल्स, आणि एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन, जिचे वडील सोमाली होते. यांतले अनेकजण तीन सुरांपलीकडे फारसे जात नव्हते. संगीताच्या पंडितांनी त्यांना ‘अडाणी’ म्हटले असते. पण रस्त्यावर ते उतरले.

आणि रस्ता म्हणजे काय होता? मोर्चानंतर चारच दिवसांनी, ४ मे १९७८ रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बांगलादेशी तरुणाचा कामावरून घरी जाताना खून झाला. गाण्याने खून थांबले, असा दावा आम्ही करत नाही. पण ज्यांचे खून होत होते त्यांच्या बाजूला कोण उभे राहिले, हे गाण्याने सांगितले.

इथेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अवघड संगीत करणारे सारेच गप्प बसले नव्हते. सॉफ्ट मशीनचा ड्रमर रॉबर्ट वायट पुढे ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात गेला. हेन्री काऊ या अत्यंत किचकट संगीत करणाऱ्या मंडळींनी १२ मार्च १९७८ रोजी लंडनमध्ये ‘रॉक इन ऑपोझिशन’ नावाने युरोपातील पाच वाद्यवृंद एका मंचावर आणले. इटली, स्वीडन, बेल्जियम, फ्रान्स आणि इंग्लंड. रेकॉर्ड कंपन्या ज्यांना दार उघडत नव्हत्या, त्यांनी आपले दार आपणच बांधले. म्हणजे अवघड असणे हा गुन्हा नाही, सोपे असणे हा पुरावा नाही. प्रश्न बाजूचा आहे.

वकील म्हणून आम्हाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: नाव कोणाचे आणि पैसा कोणाचा? वर सांगितलेल्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’चा ऑर्गन मॅथ्यू फिशरने रचून वाजवला. गाण्यावर नावे मात्र दुसऱ्या दोघांची. फिशरने २००५ मध्ये दावा लावला, म्हणजे ३८ वर्षांनी! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये संगीताच्या मालकीतील ४० टक्के हिस्सा त्याचा मानला. अपिलात उत्पन्नाचा हक्क गेला. शेवटी ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने फिशरच्या बाजूने निकाल दिला. मागचे पैसे मिळाले नाहीत, पण हक्क मिळाला. उशीर झाला एवढ्यावरून हक्क मरत नाही, हा त्या निकालाचा अर्थ आमच्या लोकांनी भिंतीवर लिहून ठेवावा.

पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड’मध्ये क्लेअर टोरी या गायिकेने शब्दांशिवाय जो आक्रोश गायला, त्याचे तिला तेव्हा ३० पौंड मिळाले. २००४ मध्ये तिने दावा केला, २००५ मध्ये समझोता झाला, आणि त्यानंतरच रचनेच्या श्रेयात तिचे नाव आले. लेड झेपलिनच्या ‘होल लॉटा लव्ह’वर विली डिक्सन या काळ्या ब्लूज गीतकाराने १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि त्याचेही नाव श्रेयात आले. पाहा, प्रोग्रेसिव्ह असो की मेनस्ट्रीम, या बाबतीत दोघांच्या मधली रेषा पुसट आहे. ज्याचे बळ कमी, त्याचे नाव गाळले जाते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण मिळाले. आमच्या किती गीतकारांना आणि गायन पार्ट्यांना हे ठाऊक आहे? करारावर सही करण्याआधी तो वाचून घ्या, वाचता येत नसेल तर चळवळीतल्या वकिलाकडे या. चहाही आम्हीच पाजू!

तर आता निकाल.

त्या दोन तरुणांना आमचे सांगणे असे. ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे एका शैलीचे नाव आहे. तिची सीमा धूसर आहे आणि धूसरच राहणार. पिंक फ्लॉइड दोन्ही बाजूंना बसतो, यात काही बिघडत नाही. तुम्ही ते संगीत जरूर ऐका. त्यात कसब आहे, मेहनत आहे, आणि आनंदाला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या बापजाद्यांना ऐकण्याची मनाई होती, म्हणून तर तुम्ही सगळे ऐकले पाहिजे.

पण पुरोगामी कोणते हे ठरवायचे असेल, तर घड्याळ आणि मात्रा बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा. एक, हे गाणे कोणाच्या बाजूला उभे आहे? दोन, ज्याच्या मातीतून ते उगवले त्याचे नाव आणि त्याचा वाटा त्याला मिळाला का? तीन, हे ऐकून माणूस दुसऱ्या माणसाच्या जवळ येतो की त्याच्याहून वर चढल्याचा भास त्याला होतो? या तिन्ही प्रश्नांवर व्हिक्टोरिया पार्कची तीन सुरांची गाणीही उतरतात आणि मार्विन गेही उतरतो. चेन्नईत २०१७ मध्ये पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ही उतरते. वस्तीतले गाणा संगीत, रॅप आणि रॉक एकत्र करून ही मुले बाबासाहेबांचे नाव घेतात. त्यांनी आपले नावही अयोथी थास या तमिळ बौद्ध विचारवंताच्या ‘जात नसलेले तमिळ’ या कल्पनेवरून घेतले. गिटार आणि वस्ती यांच्यात भिंत नाही, हे त्यांनी करून दाखवले.

आणि जयंतीची गाणी? वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांनी ज्या काळात बाबासाहेबांचा विचार गाण्यातून निरक्षर माणसापर्यंत पोहोचवला, त्या काळात आमच्या घरांत पुस्तक नव्हते. आमच्या आईला घटनेचे कलम सांगता येत नव्हते, पण समता म्हणजे काय ते तिला गाण्यातून कळले होते. हे समजायला डोके लागत नाही, असे ज्याला वाटते त्याने ते डोके कोणाच्या कष्टावर शिकले याचा हिशेब एकदा मांडावा. आजच्या जयंतीत कानठळ्या बसवणारा डीजे आणि विचारशून्य ठेका शिरला आहे, हेही आम्ही नाकारत नाही. त्यावर टीका जरूर करा. पण ती घरातला माणूस म्हणून करा, जिन्याच्या वरच्या पायरीवरून नको.

त्या तरुणाला आम्ही एवढेच सांगितले, “पुढच्या रविवारी तुझे ते सात मात्रांचे गाणे घेऊन ये आणि वडिलांना ऐकव. ढोलकीवर ते त्याला कशी साथ करतात ते बघ. मग रेषा कुठे ओढायची ते ठरवू.”

तो खाली मान घालून हसला. मग गेला आणि वडिलांच्या हातातल्या सतरंजीचे दुसरे टोक त्याने धरले.

जय भीम!